स्क्रीन सर्व्हरवरून आली, पण ॲपला ती वाचता येते का?

मोबाईल ॲपच्या स्क्रीनचे भाग, म्हणजे आपल्या भाषेत कंपोनंट, चालत्या ॲपमध्ये गरजेप्रमाणे आणून दाखवण्याचा विषय निघाला की बहुतेक चर्चा ते आणायचे कसे याच मुद्द्यावर घुटमळते. काही वर्षे हेच काम करत आल्यानंतर माझे मत असे झाले आहे की आणण्याचे काम त्यातल्या त्यात सोपे असते. खरा कस लागतो तो पुढे. सर्व्हरने पाठवलेला कंपोनंट ग्राहकाच्या फोनमधील जुन्या ॲपने कधी पाहिलेलाच नसेल, तर त्या क्षणी पडद्यावर काय दिसावे, हे ज्या चमूने सर्वांत आधी ठरवलेले असते, त्याच्या ॲपमध्ये पुढे कितीही बदल झाले तरी ग्राहकाला ते जाणवत नाहीत. बाकीच्यांचे दिवस दुरुस्त्या करण्यात जातात.

बडोद्यात मी ज्या ॲपवर काम करते ते मिठाई आणि फरसाणाच्या ऑर्डरींचे आहे, आणि या धंद्याचे वर्ष सणांच्या हिशेबाने चालते. गणपतीत उकडीचे मोदक नगावर जातात आणि ते ठरलेल्या वेळीच पोहोचावे लागतात. दसऱ्याला दांडिया बाजार भागातल्या मराठी घरांत श्रीखंड लागते आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या गुजराती घरात सकाळी सातच्या आत फाफडा-जलेबी. दिवाळीच्या फराळाच्या डब्यात काय काय भरायचे ते ग्राहक स्वतः निवडतो. उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे, उंधियू किलोवर विकले जाते आणि त्याचे बुकिंग आदल्या रात्रीच बंद होते. म्हणजे प्रत्येक सणाला मुख्य स्क्रीनवरचे नुसते चित्र बदलून भागत नाही, तिची रचनाच बदलते. कधी नगांची संख्या विचारायची असते, कधी वजन, कधी वेळेची खिडकी, कधी पदार्थांची यादी. दुकानाचे मालक जानेवारीच्या तेराव्या तारखेला दुपारी फोन करतात, "ताई, उंधियूचे बुकिंग आज रात्री नऊला बंद करायचे आहे, ॲपवर तसे दिसेल ना?" आणि मला "हो काका, दिसेल" असे निर्धास्तपणे सांगता आले पाहिजे. प्रत्येक वेळी ॲपची नवी आवृत्ती स्टोअरमध्ये पाठवून, तिची तपासणी होऊन, बडोद्याजवळच्या पाद्रा-डभोईच्या ग्राहकाने ती उतरवून घेईपर्यंत उत्तरायणच काय, होळी उजाडेल. फोनमधील जागा आणि डेटा वाचवण्यासाठी आपोआप अपडेट बंद करून ठेवणारे ग्राहक आपल्याकडे थोडेथोडके नाहीत.

या कामात तीन निरनिराळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते, ती आधी दूर केलेली बरी. पहिली गोष्ट अशी की कंपोनंटचा कोड ॲपमध्येच असतो आणि कोणता कंपोनंट, कोणत्या क्रमाने, कोणत्या मजकुरासह दाखवायचा याचे वर्णन तेवढे सर्व्हर जेसनमध्ये, म्हणजे माहिती मजकुराच्या रूपात लिहिण्याच्या एका प्रचलित पद्धतीत, पाठवतो. दुसऱ्या प्रकारात कंपोनंटचा कोडच मागाहून उतरवून घेतला जातो. तिसऱ्या प्रकारात सर्व काही ॲपमध्ये असते, फक्त कंपोनंट प्रत्यक्ष बनवण्याचे काम तो दिसण्याची वेळ येईपर्यंत पुढे ढकललेले असते. अँड्रॉइडमधील व्ह्यूस्टब हे या तिसऱ्या प्रकाराचे जुने आणि अजूनही उपयोगी पडणारे साधन आहे. तो आकाराने शून्य आणि न दिसणारा असतो, आणि सांगितल्यावर त्याच्या जागी खरा लेआउट, म्हणजे स्क्रीनची मांडणी, उभा राहतो. मी या लेखात मुख्यतः पहिल्या प्रकाराविषयी लिहिते आहे, कारण सणावारी बदलणाऱ्या ॲपला तोच सर्वांत जास्त उपयोगी पडतो असा माझा अनुभव आहे.

नव्याने काम सुरू करणाऱ्यांकडून एक प्रश्न हटकून येतो. अँड्रॉइडचे लेआउट एक्सएमएल या खुणांच्या भाषेतच लिहिलेले असतात, तर ती एक्सएमएल फाईलच सर्व्हरवरून पाठवून लेआउट-इन्फ्लेटरच्या, म्हणजे फाईलवरून स्क्रीन उभी करणाऱ्या अँड्रॉइडच्या भागाच्या, हाती का देऊ नये? तसे करता येत नाही. ॲप बिल्ड होताना, म्हणजे कोडपासून तयार होताना, त्या फाईलींवर आधीच प्रक्रिया होऊन त्यांचे द्विमान (बायनरी) स्वरूप तयार होते आणि इन्फ्लेटरचा वेग त्याच स्वरूपावर अवलंबून असतो. साधी एक्सएमएल फाईल त्याला चालत्या ॲपमध्ये वाचता येत नाही, आणि अँड्रॉइडच्या अधिकृत माहितीत हे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणून वर्णनाची भाषा आपली आपणच ठरवावी लागते आणि ती वाचणारा भागही आपणच लिहावा लागतो.

स्टोअरचे नियमही त्याच दिशेला ढकलतात. गूगल प्लेच्या धोरणाप्रमाणे ॲपने डेक्स, जार किंवा एसओ अशा प्रकारच्या फाईलींतला चालवता येणारा कोड प्लेशिवाय दुसरीकडून उतरवून घेता येत नाही. वेबव्ह्यूमधील, म्हणजे ॲपमध्ये वेबपान दाखवणाऱ्या चौकटीतील, जावास्क्रिप्टसारख्या, इंटरप्रिटरमध्ये (कोड वाचत वाचत चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालणाऱ्या कोडला मात्र हे बंधन लागू नाही. ॲपलच्या परीक्षण नियमावलीतील २.५.२ हे कलम असे सांगते की ॲप आपल्या गठ्ठ्यात, म्हणजे स्टोअरमधून उतरणाऱ्या पॅकेजमध्ये, स्वयंपूर्ण असावे आणि त्याची वैशिष्ट्ये बदलणारा कोड त्याने बाहेरून आणून चालवू नये. वर्णन म्हणजे कोड नव्हे, ती माहिती आहे. तिच्यावरून ॲपमध्ये आधीपासून असलेले कंपोनंट मांडणे या नियमांत बसते, मात्र त्या आडून तपासनिसांना कधी न दाखवलेले वेगळेच ॲप उघडू नये, एवढे पथ्य पाळायचे.

या पद्धतीचा गाभा म्हणजे कंपोनंटची नोंदवही, जिला आम्ही रजिस्ट्री म्हणतो. तिच्यात एका बाजूला प्रकाराचे नाव असते आणि दुसऱ्या बाजूला तो कंपोनंट तयार करणारे फंक्शन. वर्णनात नाव आले की ॲप नोंदवही पाहते आणि कंपोनंट उभा करते. बडोद्याच्या माणसाला हे समजावून सांगायला सयाजीराव महाराजांच्या काळातली एक गोष्ट पुरते. १९१० नंतर उभ्या राहिलेल्या ग्रंथालय चळवळीत गावोगाव पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात असत, आणि पेटीत काय पाठवायचे ते बडोद्यात ठरे. पण त्याआधी, १९०६ मध्ये, महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्व राज्यात लागू केले होते. पेटी कितीही उत्तम भरलेली असो, उघडणाऱ्याला अक्षरओळख नसेल तर तिचा उपयोग नाही. ॲपची अक्षरओळख म्हणजे ही नोंदवही, आणि ती स्टोअरमधून आलेल्या आवृत्तीबरोबरच वाढते. सर्व्हर कितीही हुशार केला तरी फोनमध्ये बसलेल्या जुन्या ॲपच्या नोंदवहीत त्याला एका नावाचीही भर घालता येत नाही.

त्यामुळे अनोळखी नाव येणे हा अपवाद न मानता रोजचा व्यवहार मानला पाहिजे, आणि त्याची पहिली गाठ पडते ती जेसन वाचण्याच्या पायरीवर. अँड्रॉइडसाठी वापरल्या जाणाऱ्या कोटलिन भाषेच्या सीरियलायझेशन लायब्ररीत, म्हणजे जेसन वाचून देणाऱ्या तयार कोडमध्ये, प्रकाराच्या नावावरून क्लास निवडण्याची सोय आहे, पण नाव माहीत नसले तर ती एक्सेप्शन फेकते, म्हणजे चूक जाहीर करून काम थांबवते. ती फेक यादीतल्या एका घटकापुरती राहत नाही, सबंध यादीचे वाचनच तिथे कोसळते. आयफोनसाठीच्या स्विफ्ट भाषेत हेच काम करणाऱ्या कोडेबलची तीच तऱ्हा आहे. यादीतला बारावा कंपोनंट नवा आहे म्हणून आधीचे अकरा ओळखीचे कंपोनंटही दिसत नाहीत. सुक्याबरोबर ओले जळावे तशी सगळी मुख्य स्क्रीन कोरी राहते, आणि ग्राहकाच्या दृष्टीने दुकानच बंद असते. एका ॲपमध्ये मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे. नवी जाहिरातपट्टी सर्व्हरवर सुरू झाली आणि महिनोन्महिने अपडेट न केलेल्या सगळ्या फोनमध्ये फक्त फिरते चक्र उरले.

उपाय अवघड नाही, पण तो जाणीवपूर्वक करावा लागतो. कोटलिनमध्ये अनोळखी प्रकारासाठी डीफॉल्ट डीसीरियलायझर (दुसरे काही जुळले नाही तर वापरायचा वाचक) नोंदवता येतो, तसेच वर्णनातल्या अनोळखी किल्ल्यांकडे, म्हणजे माहितीच्या रकान्यांच्या नावांकडे, दुर्लक्ष करण्याची सूचनाही देता येते. या दोन्ही गोष्टी पहिल्याच आवृत्तीत असाव्यात, कारण नंतर घातल्या तर आधीच्या आवृत्तींना त्यांचा लाभ मिळत नाही. स्विफ्टमध्ये थोडी जास्त काळजी लागते. यादीतील घटक एकेक करून वाचायचा आणि चूक आली तर तो सोडून द्यायचा, एवढेच लिहून भागत नाही, कारण वाचन फसले की यादीतला निर्देशांक, म्हणजे आपण कितव्या घटकावर आहोत तो आकडा, पुढे सरकतच नाही, आणि बेसावधपणे लिहिलेला लूप त्याच घटकावर अडकून पडतो. यासाठी प्रत्येक घटकाभोवती एक छोटा आवरण-प्रकार घ्यावा, जो स्वतः कधीच फसत नाही आणि आतला घटक वाचता आला नाही तर रिकामा राहतो. शेवटी रिकामे तेवढे गाळायचे. ओळी मोजक्याच आहेत, पण मुख्य स्क्रीनची सगळी भिस्त त्यांच्यावर असते.

गाळणे हे मात्र सर्वच ठिकाणी योग्य उत्तर नव्हे. अनोळखी कंपोनंट ही सजावटीची पट्टी असेल तर ती गुपचूप वगळावी. पण तोच कंपोनंट उंधियूच्या बुकिंगचा असेल, तर तो वगळल्याने ग्राहकाला बुकिंग सुरू आहे हेच कळणार नाही. म्हणून वर्णनातच प्रत्येक कंपोनंटबरोबर त्याचा पर्याय लिहून पाठवावा, असे माझे ठाम मत आहे. मायक्रोसॉफ्टच्या अडॅप्टिव्ह कार्ड्समध्ये, म्हणजे जेसनमधून छोटी कार्डे मांडण्याच्या पद्धतीत, १.२ या आवृत्तीपासून नेमकी अशी सोय आहे. घटकाला फॉलबॅक, म्हणजे पर्याय, देता येतो, तो फॉलबॅक दुसरा घटक असू शकतो किंवा 'सोडून द्या' एवढीच सूचना असू शकते, आणि घटक दाखवण्यासाठी काय काय लागते हेही वेगळे सांगता येते. आम्ही हाच विचार उचलला. वजन निवडण्याचा नवा कंपोनंट ज्या ॲपला कळत नाही, त्याला त्याच जागी साधे शीर्षक, दोन ओळींचा मजकूर आणि दुकानाला फोन लावणारे बटण दिसते. ते दिसायला साधे आहे, पण ग्राहकाची ऑर्डर हातची जात नाही. पर्यायाच्या शेवटी मात्र असाच कंपोनंट असावा जो अगदी पहिल्या आवृत्तीपासून ॲपला माहीत आहे, नाहीतर पर्यायाला पर्याय शोधण्याची वेळ येते.

आवृत्तींचा हिशेब कोणी ठेवायचा, यावर दोन विचार आहेत. ॲपने आपला आवृत्ती क्रमांक पाठवावा आणि कोणत्या क्रमांकाला काय कळते याचा तक्ता सर्व्हरने ठेवावा, हा एक. ॲपनेच आपल्याला कळणाऱ्या कंपोनंटची नावे आणि त्यांचे क्रमांक पाठवावेत, हा दुसरा. मला दुसरा पटतो. अँड्रॉइड आणि आयओएस यांचे आवृत्ती क्रमांक कालांतराने एकमेकांपासून फटकून चालू लागतात, मग सर्व्हरच्या कोडमध्ये 'हा क्रमांक असेल तर असे, तो असेल तर तसे' अशा अटींचे जंगल माजते आणि ते छाटायला कोणी धजत नाही. प्रत्येक कंपोनंटचा स्वतःचा क्रमांक असला की हा गुंता मुळातच होत नाही.

नेटवर्कविषयी. पहिली स्क्रीन सर्व्हरच्या भरवशावर ठेवू नये. ॲपच्या गठ्ठ्यातच एक साधे, कधीही चालेल असे वर्णन ठेवावे. शेवटचे मिळालेले वर्णन फोनमध्ये जपून ठेवावे, उघडताना तेच लगेच दाखवावे आणि पाठीमागे नवे आहे का ते विचारावे. ईटॅग (आपल्याकडच्या वर्णनाची सर्व्हरने दिलेली खूण) पाठवला तर बदल नसताना सर्व्हर ३०४, म्हणजे 'बदल नाही', एवढेच उत्तर देतो आणि डेटा वाचतो. पण जपून ठेवलेल्या वर्णनाला मुदत हवी. रात्री नऊला बंद होणारे बुकिंग साडेनऊलाही जुन्या वर्णनातून दिसत राहिले, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी काउंटरवर येऊन भांडणार आणि त्याचे काही चुकणार नाही. म्हणून मुदतीची वेळ वर्णनातच, वेळेच्या पट्ट्यासह (टाईम झोनसह) लिहिलेली असावी, आणि फोनचे घड्याळ चुकीचे असू शकते हे गृहीत धरून अंतिम तपासणी ऑर्डर स्वीकारताना सर्व्हरनेच करावी. भावाच्या बाबतीतही हेच. वर्णनात आलेला भाव दाखवण्यापुरता असतो, बिलाचा भाव सर्व्हर नव्याने ठरवतो.

नवे वर्णन आले म्हणून ते लगेच पडद्यावर आदळणेही मला पसंत नाही. ग्राहकाचे बोट 'श्रीखंड अर्धा किलो' या बटणाकडे निघालेले असते आणि तेवढ्यात वर एक नवी पट्टी येऊन सगळी यादी खाली सरकते. बोट भलत्याच बटणावर पडते. यासाठी दोन पथ्ये आम्ही कसोशीने पाळतो. प्रत्येक चित्राच्या रुंदी-उंचीचे गुणोत्तर वर्णनात असते, म्हणजे चित्र उतरण्याआधीच त्याची जागा राखून ठेवता येते. आणि ग्राहक स्क्रीन पाहत असताना तिची रचना बदलत नाही. बदल पुढच्या वेळी उघडताना दिसतो, किंवा ग्राहकाने स्वतः यादी खाली ओढली तर. मुदत संपलेला कंपोनंट एवढाच याला अपवाद. तोही जागेवरून हलत नाही, फक्त त्याचे बटण निष्क्रिय होते आणि तिथे 'बुकिंग बंद झाले' असे दिसते.

यादीच्या वेगाचा प्रश्न स्वस्त फोनवर तीव्र होतो. साठ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला साठ वेळा चित्र बदलणाऱ्या, पडद्यावर एका फ्रेमला (एका चित्राला) १६.६७ मिलिसेकंद मिळतात, आणि सर्व्हरवरून आलेली स्क्रीन असली म्हणून त्यात सवलत मिळत नाही. लांब यादीत त्याच ओळी पुन्हा पुन्हा वापरणारा अँड्रॉइडचा रीसायकलर-व्ह्यू वापरताना कंपोनंटच्या प्रकाराला एक क्रमांक आणि प्रत्येक कंपोनंटला स्वतंत्र ओळख, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. ओळखच प्रकार म्हणून वापरली तर प्रत्येक ओळीसाठी नवा व्ह्यू बनतो आणि पुनर्वापराचा मूळ हेतूच बुडतो. जेटपॅक कंपोज या अँड्रॉइडच्या नव्या पद्धतीतील यादीत, म्हणजे लेझी-कॉलममध्ये, हीच दोन कामे की आणि कंटेंट-टाईप करतात. जेसन वाचण्याचे आणि पर्याय निवडण्याचे काम मुख्य थ्रेडच्या, म्हणजे पडदा रंगवणाऱ्या कामाच्या धाग्याच्या, बाहेर उरकून घ्यावे, आणि एकात एक किती पातळ्या असाव्यात याला वर्णनाच्या भाषेतच मर्यादा घालावी. सर्व्हरवर काम करणाऱ्याला यादीत यादी, तिच्यात पुन्हा यादी असे लिहिणे फुकट वाटते, पण त्याची किंमत ग्राहकाचा फोन मोजतो.

आमच्या गावापुरता खास असा एक मुद्दा लिपीचा आहे. आमचे ॲप गुजराती, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत चालते. वर्णनातून मजकुराच्या चौकटीची उंची आकड्यांत पाठवण्याचा मोह डिझायनरला होतो, कारण इंग्रजीत ती चौकट अचूक बसते. देवनागरीत वर रफार, मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय, यांना जास्त जागा लागते. त्यातच अँड्रॉइडमध्ये एलिगंट-टेक्स्ट-हाईट नावाची सेटिंग आहे, जिचा परिणाम गुजराती, तमिळ, कन्नड, तेलुगू, मल्याळम, ओडिया अशा लिपींवर होतो. अँड्रॉइड १५ ला लक्ष्य करून बनवलेल्या ॲपमध्ये ती आपोआप सुरू असते. म्हणजे सर्व्हरवरचे वर्णन अक्षरानेही न बदलता, केवळ ॲपची नवी आवृत्ती आली म्हणून गुजराती ओळींची उंची बदलू शकते, आणि आकड्यांनी बांधलेल्या चौकटीत अक्षरे कापली जातात. त्यात वयस्कर ग्राहक फोनमधील अक्षरे मोठी करून ठेवतात. म्हणून आमच्या वर्णनात मजकुराला उंची नसतेच. 'शीर्षक', 'भाव', 'सूचना' अशी भूमिका तेवढी असते, आणि त्या भूमिकेला किती जागा द्यायची ते ॲप त्या त्या लिपीप्रमाणे ठरवते. वर्णनाने काय सांगायचे ते सांगावे, कसे दिसायचे ते ॲपवर सोडावे, ही विभागणी मला या एका प्रश्नाने सर्वांत नीट समजली.

बटण दाबल्यावर काय व्हावे हेही वर्णनातच येते, आणि तिथे हात आखडता घ्यावा. ठराविक कृतींची छोटी यादी असावी: स्क्रीन उघडणे, फोन लावणे, टोपलीत टाकणे, पत्ता नकाशात दाखवणे. मुक्त पत्ता देऊन कुठेही नेणारी कृती ठेवू नये, निदान ठरलेल्या डोमेनपुरती तरी ती बांधून घालावी.

कोडच मागाहून आणण्याच्या प्रकाराविषयी थोडक्यात सांगते. गूगलने २०१८ मध्ये ॲप बंडल, म्हणजे ॲप प्लेला पाठवण्याचा नवा साचा, आणले आणि त्याबरोबर मागणीनुसार उतरणारे फीचर मॉड्यूलही, म्हणजे ॲपचे सुटे भागही. ऑगस्ट २०२१ पासून प्लेवरील नव्या ॲपना बंडल सक्तीचे झाले. मॉड्यूल प्लेमधूनच उतरत असल्यामुळे ते नियमांत बसते, पण ते उतरण्यात अपयश येऊ शकते, मोठे असल्यास ग्राहकाची परवानगी लागते, आणि आयओएसवर त्याला जोड नाही. गूगलच्या फ्लटर या ॲप बनवण्याच्या साधनातील डिफर्ड (मागाहून उतरणारे) कंपोनंट अँड्रॉइड आणि वेबपुरतेच चालतात. रिॲक्ट नेटिव्हमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये मोबाईल ॲप लिहिण्याच्या साधनात, जावास्क्रिप्टचा गठ्ठा बदलून पाठवता येतो, पण त्यासाठी अनेकजण ज्या कोडपुश सेवेवर विसंबून होते ती मायक्रोसॉफ्टच्या ॲप सेंटरबरोबर ३१ मार्च २०२५ रोजी बंद झाली. क्वचित लागणाऱ्या जड भागासाठी हा मार्ग चांगला आहे. आमच्याकडे केकवर छापायचे छायाचित्र कापून नीट करण्याची स्क्रीन तशी ठेवली आहे. सणाच्या पाटीसाठी तो मार्ग मी घेणार नाही.

लॉगिन, पत्ता आणि पैसे भरण्याच्या स्क्रीन आम्ही सर्व्हरच्या वर्णनावर सोडलेल्या नाहीत. त्या क्वचित बदलतात आणि त्या कोसळल्या तर पर्यायी साधा मजकूर दाखवून वेळ निभावत नाही. बाकीच्या स्क्रीनसाठी प्रत्येक नवे वर्णन सर्व्हरवर चढण्याआधी ॲपच्या सर्व चालू आवृत्तींमध्ये उघडून पाहिले जाते. त्यासाठी जुन्या आवृत्तींचे गठ्ठे आम्ही जपून ठेवले आहेत आणि त्यांची चित्रे आपोआप काढून शेजारी शेजारी लावली जातात. येत्या नवरात्रासाठी वेळेची खिडकी निवडण्याच्या कंपोनंटची दुसरी आवृत्ती येते आहे. पहिली आवृत्ती ॲपमधून काढून टाकायची का, असे एका सहकाऱ्याने विचारले. ॲपमधून ती काढल्याने काहीशे ओळी वाचतील, पण दुसऱ्या आवृत्तीचा फॉलबॅक तीच आहे. त्यामुळे आमचा निर्णय असा झाला आहे की वर्णनांमध्ये तिचे नाव, मुख्य म्हणून किंवा पर्याय म्हणून, कुठेही येत नाही हे सर्व्हरच्या नोंदींवरून दिसेपर्यंत ती ॲपमध्येच राहील, आणि त्यानंतरही सर्वांत जुन्या चालू आवृत्तीचा आधार काढून घेईपर्यंत सर्व्हर ती पाठवण्याची तयारी ठेवील.